कावळीचा पाय

"कुत्री आवरा! अहो म्हाकूबा, आधी कुत्री आवरा!"

दळवी गुरुजी बांधावरच्या धोंड्यावर चढून उभे होते. त्यांची एम-एटी खाली आडवी पडली होती आणि आमची कुत्री तिचं चाक हुंगत होती. गुरुजींनी एक फुगलेली पिशवी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली होती, जशी काही कुत्र्यांना तीच हवी होती. मी हसू दाबत कुत्र्यांना हाकललं. शाळेत फळ्यासमोर उभा राहिला की हाच माणूस वाघ वाटायचा.

आम्ही मेंढपाळ धनगर. माणदेशात उंबरवाडीला आमचं चार भिंतींचं घर होतं, पण त्यात आम्ही राहायचो पावसाळ्यापुरते. दिवाळी झाली की घोड्यांवर बिऱ्हाड लादायचं, मेंढरं पुढं घालायची आणि घाट उतरून कोकणात जायचं. परतायचं ते मृगाच्या तोंडावर. म्हणजे माझी शाळा दिवाळीपर्यंत. परत येईस्तोवर शिकलेलं निम्मं विसरलेलं असायचं आणि बरोबरीच्या पोरी पुढच्या वर्गात गेलेल्या असायच्या. दुसरीच्या वर्गात तर मी इतकी मुरले होते की नवी पोरं मलाच बाई समजायची.

त्या साली मी कशीबशी चौथीत पोचले होते. अकरावं लागलं होतं. कोकरांची राखण आता ठकीकडं, म्हणजे माझ्याकडं, द्यायची, असं घरात ठरून गेलं होतं. आणि कोकरं एकदा गळ्यात पडली की शाळा सुटली ती कायमची, हे मला सांगायला कुणी लागत नव्हतं. आमच्यातली एकही पोरगी चौथीच्या पुढं गेलेली नव्हती. चौथी तरी पुरी कुणी केली होती?

गुरुजी धोंड्यावरून उतरले. निघायला एकच दिवस उरला होता, त्यामुळे सगळा कबिला तिथंच होता. आया गोण्या शिवत होत्या, चुलते घोड्यांची खोगिरं बघत होते. माझे आबा लिंबाखाली बसून लोकर कातत होते. आमच्यात लोकर पुरुषच कातायचे. हातात चाती गरगरत ठेवायची आणि गप्प बसायचं, हा आबांचा आवडता उद्योग.

"म्हाकूबा," गुरुजी म्हणाले, "ठकूला यंदा इथंच ठेवा. पोर हुशार आहे. चौथी झाली की पुढं पाचवीला मी स्वतः घालतो तिला. गोदाक्काकडं राहील. तुम्हाला कसलाही त्रास नाही. जेवणखाण, कपडे, वह्या, सगळं फुकट!"

आणि फुकट म्हणता म्हणता त्यांनी पिशवीतून एक गुलाबी झालरीचा फ्रॉक काढून सगळ्यांपुढं धरला. "पुण्याची काही मंडळी आहेत. गरिबांच्या, निराधार मुलांना मदत करतात."

आईची गोणी शिवणारी दाभणसुई थांबली.

गुरुजींचं मन सोन्यासारखं होतं. पण माणूस नवा होता, आणि आमच्यात काय बोलायचं नसतं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आमच्यात फुकट कुणी कुणाचं खात नाही. आमची मेंढरं कुणाच्या रानात एक रात्र बसली तरी लेंड्याखताच्या बदल्यात तो पायली-दोन पायली ज्वारी मोजतो. कुणाच्या घरची भाकरी खाल्ली तर त्याच्या घरी तांब्याभर दूध पोचतं. बिनबदल्याचा घास फक्त अनाथाला घालतात. गुरुजींनी भर कबिल्यात माझ्या आईबापाला जिवंतपणी मारून टाकलं होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

धुळातात्या उठले. आबांचे थोरले भाऊ. सगळ्या कबिल्याचा कारभार त्यांच्याकडं. कुठल्या वाटेनं जायचं, कुठं उतरायचं, कुणाची पोरगी कुठं द्यायची, सगळं तेच ठरवायचे.

"मास्तर," ते म्हणाले, "हिचं आईबाप जितं हायती अजून."

"तसं नाही हो, मी म्हणतोय की—"

"आन् आज हिला ठिवली, उद्या दुसरा म्हणंल माजं बी पोर ठिवा. मग मेंढरं काय तुमी राखणार? ह्या झालरी लावून?"

बाया पदराआड हसल्या. गुरुजींचे कान लाल झाले. तात्या आबांकडं वळले. "म्हाकू, तुजं काय म्हणणं?"

आबांनी वर बघितलंसुद्धा नाही. चाती फिरतच होती. "माजं काय वायलं म्हणणं असायचं? न्हाय म्हंजी न्हाय."

झालं. गुरुजींनी फ्रॉक कसाबसा पिशवीत कोंबला आणि गाडी ढकलत निघून गेले. मला आबांचा इतका राग आला की तेव्हा हातात दगड असता तर मी चातीवर नेम धरला असता. तात्यांचं ठीक होतं, ते सगळ्यांनाच नाही म्हणायचे. पण आबा? पावसाळ्यात मी अंगणात धडा वाचायला बसले की आबा दूर कुठंतरी बसलेले असायचे, आणि माझं वाचून झालं की उठून जायचे. मला वाटायचं, ऐकतात. बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत म्हणतात. माझ्या बापाजवळ गहू आहेत की नाहीत, हेच मला त्या दिवशी कळेना.

संध्याकाळी आबा गोदाक्काच्या रानात गेले. त्या रात्री मेंढरं तिच्या रानात बसवायची होती, तेव्हा वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, कुठं उभं करायचं ते बघायला. एवढंसं रान, पण यायला दिवेलागण झाली. आईनं विचारलं, "इतका येळ?" तर म्हणाले, "ती गोदाक्का. तिच्या तोंडाला काय लगाम हाय का?"

ते मात्र खरं होतं. गोदाक्का माळीण एकटीच राहायची, शाळेच्या मागं. शाळेतली खिचडी तीच शिजवायची. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की गुरुजीसुद्धा आतल्या खोलीत हजेरी घ्यायला जायचे. पण खिचडीत डाळ ती हात सैल सोडून घालायची, आणि आम्हा धनगरांच्या पोरांच्या ताटात जरा जास्तच.

सकाळी ती टोपलीत ज्वारी घेऊन बांधावर आली ती भांडतच.

"काय रं म्हाकू, रातभर मेंढरं बसली का उभीच व्हती? लेंड्या दिसत न्हाईत कुटं!"

"आक्का, चश्मा लाव," आबा म्हणाले.

"चश्मा लावून बी न्हाईत. पल्याड त्या कोपऱ्यात बघ, नुसती ढेकळं."

इकडं आमचं बिऱ्हाड लादून झालं होतं. घोड्यांवर भांडी, गोणपाटं, कोंबड्यांचे झाप, वर बांधलेली लहान पोरं. मी आईच्या मागं उभी होते. गुरुजीही आले होते, मात्र रस्त्याच्या पलीकडं, कुत्र्यांपासून लांब. हातात माझ्यासाठी दोन पुस्तकं होती. वाटेत वाचायला.

तात्यांनी शीळ घातली. मेंढरं उठून चालायला लागली, मागून चारसहा शेळ्या. तेव्हा सगळ्यांनी बघितलं. कावळी लंगडत होती.

कावळी म्हणजे आमची काळीकुळकुळीत शेळी. दुधाला चांगली आणि गाभण. पुढचा उजवा पाय ती टेकवतच नव्हती. तीन पायांवर उड्या मारत कळपाच्या मागं पडली आणि केविलवाणी ओरडायला लागली.

"अरं, काल तर बरी व्हती!" तात्या म्हणाले.

आबा तिच्याजवळ बसले. पाय मांडीवर घेतला. गुडघा चाचपला. मग खूर दोन्ही अंगठ्यांनी उघडून आत बघितलं. आबांचा हात आणि नजर जनावराच्या बाबतीत कधी चुकायची नाही. लांबच्या टेकडीवरची मेंढी कुठल्या पायानं लंगडतीय ते बसल्या जागेवरून सांगायचे.

"खुरात काय न्हाय," आबा म्हणाले. "सांधा धरलाय."

"मग ही घाट कशी उतरायची?"

"न्हाय उतरायची. बघू, बाजारच्या खाटकाला—"

"गप!" तात्या ओरडले. "गाभण शेळी खाटकाला देतूस? खंडोबाची बानूबाय बघतीय वरनं. कुणाला तरी अर्धलीनं दे."

अर्धली म्हणजे आमच्याकडची जुनी रीत. शेळी धन्याची, सांभाळ दुसऱ्याचा. दूध सांभाळणाऱ्यानं खायचं आणि झालेली करडं दोघांनी निम्मी निम्मी वाटून घ्यायची. यात कुणी कुणावर उपकार करत नाही. कुणाची मान खाली जात नाही.

तात्यांनी इकडंतिकडं बघितलं. बांधावर एकच माणूस होतं. "गोदाक्का, तू घेतीस का?"

"मी?" गोदाक्कानं टोपली कमरेवर मारली. "मी शाळंत खिचडी ढवळू का तुमच्या लंगडीच्या मागं हिंडू? तिला पाला कोण आणंल? पाय कोण शेकंल? आन् इणाच्या येळंला मी काय सुईण हाय?"

"आक्का, तुला सोबत व्हईल."

"सोबत! न्हाय जमायचं. घ्यायची तर एका बोलीवर घेते. शेळीसंगं राखणारं माणूस द्या. त्याच्या भाकरीचं बघू, त्ये शेळीचं दूध काढंल, पाला आणंल, फुकट काय खाणार न्हाय. न्हायतर घिऊन जावा तुमची कावळी."

रस्त्यापलीकडून गुरुजींचा आवाज आला. "अहो, म्हणजे मग ठकूची शा—"

"गुरुजी!" गोदाक्का अशी ओरडली की घोड्यानं कान टवकारले. "चुलीवर आधण ठिवलंय मी! उतू चाललं आसंल, बघा जावा आधी!"

गुरुजी तोंड उघडं टाकून तिच्याकडं बघत राहिले. मग निमूटपणे वळले आणि शाळेकडं चालू लागले.

 मी आईचा पदर घट्ट धरला. हूं की चूं केलं नाही. तोंडातून एखादा शब्द निसटला तर सगळं फिसकटेल, एवढं मला कळत होतं.

आबा डोकं खाजवत म्हणाले, "माणूस कुठलं ठिवायचं, दादा? माज्या मल्हारीला ठिवला तर मेंढरामागं कोण?"

"पोरगा कशाला ठिवतूस?" तात्या चिडले. "येड लागलंय का?"

"मग सुलीला ठिवू? तुजी नात—"

"सुली कोकरं बघती झ्याक. तिला न्हाय." तात्यांची नजर कबिल्यावरून फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. "ही ठकी. हिचा तसा बी काय उपेग? गेल्या साली पेणच्या नाक्यावर पाटी वाचत उभी ऱ्हायली आन् कोकरू घालवलं हिनं. हिला ठिव."

त्या कोकराबद्दल मी तेव्हा मार खाल्ला होता. पाटी कसली होती ते आजही आठवतं. 'येथे सायकल पंक्चर काढून मिळेल.' त्या पंक्चरवाल्याचं बिरोबा भलं करो.

आबांनी कावळीचा गुडघा पुन्हा चाचपला. चांगलंच लांबवलं त्यांनी. मग म्हणाले, "तू म्हणतूस तर ऱ्हाऊ दे. पर दादा, काल मास्तरला आपुन न्हाय म्हटलंय."

"त्ये येगळं! त्ये फुकटचं व्हतं. ही आपल्या शेळीपाशी ऱ्हातीय. शेळी राखंल, आन् येळ घावला तर जाईल शाळंत न्हायतर बसंल उन्हात. कुणाच्या बापाची मिंधी न्हाय आपुन." तात्यांनी परत शीळ घातली. "चला, ऊन झालं."

मला वाटलं होतं, असं झालं तर मी आनंदानं नाचेन. पण आईनं मला पोटाशी धरलं, तिच्या अंगाला येणारा लोकरीचा आणि धुराचा वास नाकात गेला, आणि मला रडू कोसळलं. आईही रडली. माझ्या केसांत तेलकट हात फिरवत म्हणाली, "आक्काला उलटून बोलू नगं. न्हात जा. आन् वाचताना येवढी वाकू नगं, डोळं जात्याल." आबांनी कावळीची दोरी माझ्या हातात दिली. "पाय शेकत जा तिचा," एवढंच बोलले आणि मेंढरांच्या मागं गेले. धुळीतून त्यांचं मुंडासं बराच वेळ दिसत होतं. एकदाही वळून बघितलं नाही त्यांनी. माझा राग तेवढ्यापुरता पुन्हा वर आला.

दुपारी खिचडी खाऊन झाल्यावर मी पाणी कोमट केलं आणि कावळीचा पाय शेकायला बसले. खूर धुवायला म्हणून नखांच्या बेचक्यात बोट घातलं, तर बोटाला काहीतरी मऊ लागलं. ओढलं. काळ्या लोकरीचा गुंता बाहेर आला. त्याच्या आत हरभऱ्याएवढा गुळगुळीत खडा, लोकरीत नीट गुंडाळलेला. तोच धागा घोट्याच्या केसांत फिरवून गाठ मारलेली. काळ्या पायावर काळी लोकर, कुणाला दिसणार?

कावळीनं पाय झटकला, टेकवला, आणि गोदाक्काच्या मेथीच्या वाफ्यात तुरूतुरू पळत गेली.

आज मी जनावरांच्या दवाखान्यात काम करते. लंगडणारं जनावर आलं की मालक काहीही सांगो, मी आधी खूर उघडून बघते. पण त्या दिवशी माझी पाचावर धारण बसली. माझ्या डोक्यात एकच आलं. आबा चुकले! सगळ्यांसमोर खूर उघडला आणि त्यांना खडा दिसला नाही. लोकर कुठूनतरी चिकटली असेल, गुरफटली असेल. पण आता कावळी धडधाकट होती. धडधाकट शेळी घाट उतरू शकते. आणि शेळी गेली की तिचं राखणारं माणूसही गेलं. कबिला अजून फार लांब गेला नव्हता.

गोदाक्का मेथीतून शेळी हाकलत आली. "आगं, ही तर हरणावानी पळती!"

"आक्का, पाय बरा झाला," मी चाचरत म्हणाले.

तिनं माझ्या मुठीकडं बघितलं. मी मूठ आणखी घट्ट केली. "हवापान्याचा गुण आसतो एकेका जागंचा," ती म्हणाली. "आता हितं काय बसलीस? शाळंची घंटा ऐकू येत न्हाय?"

ती लोकर आणि तो खडा मी भिंतीतल्या कोनाड्यात चिमणीमागं लपवला. ते वर्ष मी शाळेत बसले खरी, पण जीव टांगणीला लागलेला. रस्त्यानं लाल मुंडासं दिसलं की मी कावळीला दाराआड ओढायचे. वाटायचं, आबांना कुणीतरी सांगितलं, शेळी पळतीय तुझी, आणि ते न्यायला आले. कावळी व्याली, दोन करडं झाली, ती उड्या मारायला लागली. मी कोष्टकं पाठ केली, नकाशा भरला, शिवाजी महाराजांचे सगळे किल्ले घोकले. परीक्षा झाली. वर्गात पहिली आले. गुरुजींनी सगळ्यांना पेढे वाटले आणि गोदाक्कानं त्यातले दोन परस्पर कावळीला चारले. पण माझं घोडं तिथंच अडलेलं. मृग आला की आबा येणार, आणि त्यांना सगळं कळणार.

ते आले तेव्हा मी अंगणात होते. कावळीनं शीळ ओळखली आणि मी दोरी धरायच्या आत सुसाट पळत त्यांच्याकडं गेली, मागं दोन करडं. लंगडण्याचं नाव नाही. आबा खाली बसले. तिचा पुढचा उजवा पाय उचलला, खूर उघडून बघितलं. मी खांबाला धरून उभी. 

"आबा," मी म्हणाले, "त्यो... सांधा सुटला तिचा."

"दिसतंय की." त्यांनी पाय खाली ठेवला. "कितवी आलीस?"

"पहिली."

ते बराच वेळ करडांना कुरवाळत बसले. मग माझ्याकडं न बघताच त्यांनी तळहात पुढं केला.

"खडा टाकला आसशील. पर लोकर दे. चांगली कातलेली व्हती."

माझा जीव भांड्यात पडला तो तेव्हा. मी तिथंच खांबाशी बसून हसायला आणि रडायला लागले. दोन्ही एकदम. आबांनी मला रडू दिलं. गोदाक्का आतून ओरडली, "म्हाकू, च्या पितूस का अजून नाटकंच करतूस?"

करडं वाटून झाली, एक आमचं, एक तिचं. त्या पावसाळ्यात मी पाचवीला गेले.

आणि दिवाळी झाली. सकाळी गोदाक्काच्या रानात घोडी लादून उभी होती. तात्यांनी शीळ घातली, कळप उठला, आणि सगळ्यांनी बघितलं की तात्यांची पांढरी शेळी मागं पडलीय. पुढचा उजवा पाय टेकवत नव्हती. तिची दोरी धरून सुली उभी होती. डोक्याला तेल, नवी वेणी, काखेत पाटी.

आबा लिंबाखाली चाती फिरवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

तात्या शेळीजवळ बसले. भर कबिल्यासमोर तिचा खूर दोन्ही अंगठ्यांनी उघडला, आत निरखून बघितलं आणि मिशीवरून हात फिरवत उठले.

"खुरात काय न्हाय," ते म्हणाले. "सांधा धरलाय."